वैरागड्यांची तारीफ

माझं डोकं आजही तापतं, आणि सगळ्यात आधी माझ्यावरच तापतं. शहाणपणा करायला गेले आणि चांगल्या माणसाला गोत्यात आणलं.

आमच्या हिंदी मुलखातल्या गावात, सिविल लाइंसमधल्या लहानशा सरकारी संग्रहालयात नीलकंठ वैरागडे गाईड होते. त्याआधी वीस वर्षं तोफगोळ्यांच्या सरकारी कारखान्यात, भट्टीवर. हात भाजून निकामी झाला, तेव्हा त्यांना इथं आणून बसवलं. बाकीचे गाईड पाटी वाचून दाखवत. शतक अमुक, दगड तमुक. मी कारखान्याच्या प्राथमिक शाळेतली बाई. दरवर्षी चाळीस पोरं घेऊन जायची आणि अर्धी पोरं बाहेरच्या पेरूवाल्याकडे पळायची.

एकाहत्तरच्या ऑक्टोबरात पहिल्यांदा वैरागडे वाट्याला आले. त्यांनी पोरांना एका दगडी देवीसमोर खाली बसवलं.

"हिची बोटं पाहा. नखंसुद्धा आहेत. हे काय देवानं केलं? नाही रे बाबा! तुमच्या बापासारख्याच एका कारागिरानं केलं. सांग, तुझे बाबा काय बनवतात?"

झालं! जो तो हात वर करून राहिला. माझ्या वर्गातली विनता दोन वर्षं तोंड उघडत नव्हती. ती उठली. "माझे बाबा पितळ घासतात. तोंड दिसेपर्यंत."

"मग ये, तूच सांग. हे नाक असं गुळगुळीत करायला किती दिवस लागले असतील?"

पोरगी देवीपुढे उभी राहून पंधरा मिनिटं बोलली. अगं बाई, मी पाहतच राहिले.

अशा माणसाची तारीफ नाही करायची तर कोणाची? मी संग्रहालयाच्या साहेबांना दोन पानी पत्र लिहिलं, शुद्ध हिंदीत. त्यात एक ओळ होती: 'वे हर बच्चे से पूछते हैं कि पिताजी कारखाने में क्या बनाते हैं, और बच्चे खुलकर बताते हैं.'

डिसेंबरात लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद, भिंतींवर सूचना: कामाबद्दल कुठं बोलू नका. आमच्या घरी तर हा जुनाच दस्तूर. नवरा कारखान्यात काय करतो, हे मी बारा वर्षांत विचारलं नव्हतं. मग ती ओळ लिहिताना माझी अक्कल काय चरायला गेली होती?

साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझं पत्र, त्या ओळीखाली लाल पेन्सिल. "मॅडम, यह आपने ही लिखा है?"

"मैंने ही लिखा है! अन् काहून विचारतात ते खालीच लिहिलंय, तेही वाचा ना जी!" मी ओरडले. कसली हिंदी अन् कसलं काय! पत्र लढाईच्या आधीचं आहे, हेही त्यांना दिसेना. लाल पेन्सिलीच्या खाली एक अक्षर वाचायची त्यांची तयारी नव्हती. मेल्यांनो, शिकलात कशाला मग?

वैरागड्यांना मागच्या गोदामात टाकलं, फुटक्या मूर्तींची धूळ झटकायला. पोरांशी बोलायचं नाही, असा लेखी हुकूम. लढाई तेरा दिवसांत संपली. हुकूम काही संपला नाही.

जानेवारीत मी गोदामात गेले. "नीलकंठराव, माझ्या हातानं तुमचं वाटोळं झालं. मला शिव्या द्या."

"शिव्या काहून देऊ, बाई? चौकशीत साहेबांनी पत्र वाचून दाखवलं. अर्धंच, पण वाचलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल कोणी चांगलं लिहिलं नव्हतं जी. एक नक्कल द्याल काय? घरी दाखवीन म्हणतो."

असा राग आला मला! साहेबांचा, माझा, या माणसाच्या गरीब स्वभावाचासुद्धा. तिथंच एका खोक्यावर बसून मी लिहायला घेतलं, मराठीत, त्यांच्या घरी सगळ्यांना वाचता यावं म्हणून. ती ओळ आली, तशी गाळून पुढं गेले. वैरागडे खांद्यावरून पाहून राहिले होते.

"बाई, ती कुठं गेली?"

"जाऊ द्या ना. उगाच पुन्हा डोक्याला ताप."

"नाही, लिहा," ते म्हणाले. "ती नसली, तर मी पोरांसाठी केलं काय मग?"