साडूंची गुलाबी पट्टी

आमच्या साडूंइतका पाण्यावर संशय घेणारा माणूस तापी-गिरणेच्या दुआबात दुसरा सापडणार नाही. जळगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता त्यांनी एक कागदी पट्टी तयार केली. पाण्यात खतांतून उतरलेलं नायट्रेट जास्त असलं की पांढरी पट्टी गुलाबी होते. या पट्ट्या झोपायच्या खोलीत दोरीला चिमटे लावून वाळत असतात. माझी थोरली मेव्हणी म्हणते, "लग्नात डोक्यावर मांडव होता, त्यानंतर हाच." कुणी पाण्याचा ग्लास पुढे केला की साडूंचा हात ग्लासाआधी खिशात जातो. पाचोऱ्याला पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा तिनं आणलेल्या पाण्यात त्यांनी पट्टी बुडवली. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. पट्टी पांढरीच राहिली आणि मुलीला एक प्रश्नही न विचारता साडू म्हणाले, "स्थळ उत्तम आहे."

पण चोपड्याजवळच्या आमच्या सासरवाडीला, मेव्हण्याच्या दोन महिन्यांच्या लेकीला पाहायला गेलो, तेव्हा मात्र हसू आलं नाही. बाळाला पावडरचं दूध होतं आणि ते केळीच्या बागेतल्या विहिरीच्या पाण्यात कालवलं जात होतं. साडूंनी पट्टी बुडवली. ती चांगली गडद गुलाबी झाली.

"बाळाला हे पाणी देऊ नका," ते म्हणाले.

"उकळूनच देते भाऊजी," बाळाची आई म्हणाली.

"उकळून जंतू मरतात. नायट्रेट जात नाही. मोठ्यांचं निभतं, एवढ्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू पुरत नाही, अंग निळं पडतं."

बापानं खणलेल्या, सगळं गाव पितं त्या विहिरीला नाव ठेवलेलं ऐकून सासरे, म्हणजे आबा, ताडकन उठले. "जावईबापू, मना बापनी खंदेल विहीर शे. बठ्ठा गाव हाईच पानी पेस. कोनले काय व्हयनं?"

साडू वाद घालत बसले नाहीत. जेवण तसंच ठेवून उन्हात गावभर हिंडले, पाणी दिसेल तिथं पट्टी बुडवत. शाळेच्या बोअरवर पट्टी पांढरी राहिली, तसे कळशी भरून, धोतराची सवय नसलेला माणूस धोतर सावरत चालावा तसे अडखळत घरी आले.  दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर स्वतः आबाच मोटारसायकलला कॅन बांधून शाळेकडे निघाले होते. पुढे साडूंनी विहिरीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला. पट्टी खरी निघाली. नात आता अंगणभर रांगते आणि आबा केळीला युरिया हात राखून टाकतात.

त्या सकाळी परत निघालो, तेव्हा मला वाटलं, वाटेवर साडू विजयी वीरासारखे बोलत सुटतील. ते मात्र खिडकीबाहेरच्या केळीच्या बागा पाहत बसले होते. तिकडे पाहतच म्हणाले, "माझी वरात या गावात आली ना, तेव्हा पहिला तांब्या त्याच विहिरीचा मिळाला होता. तसं गोड पाणी पुन्हा कुठे प्यालो नाही. काल त्या विहिरीच्या पाण्यात एकामागून एक पाच पट्ट्या बुडवल्या मी. एक तरी पांढरी राहील असं वाटत होतं."