मागून येणारी हाक

सक्करदरा तलावावर धुकं बसलं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता आणि फिरायला आलेली माणसं धुक्यातून निघून पुन्हा धुक्यातच शिरत होती. आम्ही पाच जण सायकली धरून उभे होतो. फेब्रुवारी नुकताच लागला होता. नागपूरहून पश्चिमेकडे निघायचं, काटोल, वरुड, चांदूर बाजार, परतवाडा असे मुक्काम करायचे आणि पाचव्या दिवशी घाट चढून चिखलदऱ्याला पोचायचं, असा बेत होता.

आमचे पुढारी विलासभाऊ. सक्करदऱ्यातच त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. सामानाचा छोटा टेम्पो त्यांचे मेव्हणे चालवणार होते. प्रज्ञा नर्स आहे, तिशीतली, आमच्यात सगळ्यांत लहान. मौद्याहून आलेलं वानखेडे जोडपं साठीच्या आसपासचं. वानखेडेजी वर्षभर या एका घाटासाठी तयारी करत होते, हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकलं. आणि पाचवी मी, पराते मॅडम, निवृत्त शिक्षिका.

विलासभाऊंनी नियम सांगितले. "एकामागं एक चालायचं. पुढं माझ्यापाशी शिट्टी हाय, मागं प्रज्ञापाशी. एक शिट्टी म्हंजे गाडी येऊन राहिली, दोन म्हंजे थांबा. कोनाले पुढं जायचं असन तं आधी आवाज द्या, मंग उजव्या बाजूनं निंगा. समजलं?"

सगळे म्हणाले, "समजलं." मीही म्हणाले.

खरं म्हणजे तेव्हाच बोलायला हवं होतं. मला कमी ऐकू येतं. जाड आवाज येतात: ट्रकचं इंजिन, ढोल, पुरुषांचं समोरासमोरचं बोलणं. बारीक आवाज मात्र गेल्या काही वर्षांत एकेक करून निघून गेले. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग वर्गातल्या मुली. तिसरीतल्या मुली बाकावरून काहीतरी विचारायच्या आणि मला नुसते हलणारे ओठ दिसायचे. मी गुडघेदुखीचं कारण सांगून वेळेआधीच निवृत्ती घेतली. गुडघे दुखणारी बाई सायकल कशी चालवते, हे कोणी विचारलं नाही, हे माझं नशीब. कानात घालायचं यंत्र आहे, घरी मुलालाही न सांगता घेतलेलं, पण सायकलवर त्यात वारा नुसता घोंगावतो. म्हणून, आणि ते दिसलं की लोक विचारतात म्हणूनही, ते पाठपिशवीत होतं आणि माझ्या हँडलला एक गोल आरसा लावलेला होता. आरशात मागचं दिसतं, तेवढं पुरे, असं मी स्वतःला पटवलं होतं.

शहर सुटलं, कळमेश्वर मागे पडलं आणि काटोलचा रस्ता मोकळा झाला. धुकं विरत गेलं तसे गव्हाचे हिरवे पट्टे दिसू लागले, मध्येच हरभरा, मध्येच तूर काढून झालेली पिवळी रानं. रस्त्यावर बगळे उतरायचे आणि आवाज न करता उठायचे. माझ्यासाठी सगळंच आवाज न करता चाललं होतं. एक बाई विहिरीवर धुणं आपटत होती. तिचा हात खाली यायचा, पाणी उडायचं, आणि बस्स. चाकांची थरथर तेवढी हँडलमधून तळहातांत उतरत होती. हे ऐकण्यासारखंच होतं, फक्त हातांनी. काटोल कधी आलं, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जलालखेड्यापाशी वर्धा ओलांडली. नदीत पाणी थोडं होतं आणि वाळू खूप. पुलाच्या मध्यावर विलासभाऊंनी सायकल थांबवून पश्चिमेकडे हात केला. "हे पाहा, इथून वऱ्हाड."

त्या वऱ्हाडात शिरताच आम्हाला वास लागला. संत्र्यांच्या बागा बहरल्या होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळपट हिरवी झाडं, त्यांवर पांढऱ्या कळ्यांचे झुपके आणि काही बागांत मागच्या बहराची पिकत आलेली फळंही लगडलेली. एकाच वेळी फूल आणि फळ. गोड, ओलसर, जरा गुंगी आणणारा वास. तासभर आम्ही त्यातून जात होतो. प्रज्ञा एक हात सोडून सायकल चालवत होती. वानखेडे वहिनींनी नाकावरचा रुमाल काढून टाकला होता. कोणी बोलत असेल तर मला कळलं नाही, पण मला वाटतं कोणीच बोलत नसावं.

दुपारी एका बागेत जेवण होतं. विलासभाऊंच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी केली होती. घरच्या बाई वाढायला आल्या. माझ्यापाशी वाकून त्यांनी हसत काहीतरी विचारलं. आवाज अगदी बारीक. मीही हसून मान डोलावली. बाई माझं ताट घेऊन गेल्या आणि एका ताटलीत शेंगदाणे, केळं आणि चार संत्री घेऊन आल्या. बाकीच्यांच्या ताटांत रोडगे फोडून त्यावर तूप ओतलं जात होतं.

"काकू, आज कसला उपास?" प्रज्ञानं विचारलं. ती समोर बसली होती, म्हणून कळलं.

"आहे एक," मी म्हणाले आणि संत्रं सोलायला घेतलं. रोडग्यांचा खमंग वास सुटला होता. प्रज्ञा माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. वरुड येईपर्यंत मी शेंगदाण्यांवर सायकल ओढली.

तिसऱ्या दिवशी ते घडलं.

वरुड सोडून मोर्शी मागे टाकली होती. रस्ता सपाट, दोन्हीकडे बाभळी, ऊन कोवळं. पुढे विलासभाऊ, मग मी, मग वानखेडेजी, वहिनी, शेवटी प्रज्ञा. कापूस नेणाऱ्या एका गाडीतून उडालेले पांढरे पुंजके रस्त्यावर घरंगळत होते आणि मी त्यांच्याकडे बघत चालले होते. त्या लयीत कितीतरी वेळ मी आरशात पाहिलंच नाही. समोर खड्डा आला. तो चुकवायला मी उजवीकडे वळले.

माझ्या मागच्या चाकाला धक्का बसला. मी डगमगले, सावरले, थांबले. मागे वळून पाहिलं तर वानखेडेजी रस्त्यावर पडलेले, सायकल त्यांच्या पायांवर, आणि ते उजवं मनगट डाव्या हातात धरून बसलेले.

सगळे धावले. प्रज्ञानं मनगट हळूच चाचपलं, एक लाकडी पट्टी लावून बांधलं. विलासभाऊ घाबरले होते आणि घाबरलेला माणूस रागावतो. "बाजूनं काहून घुसले जी तुमी? आवाज द्यायचा ना!"

"दिला मी," वानखेडेजी म्हणाले. "दोनदा दिला."

"मले नाही आयकू आला पुढं."

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. त्यांचे ओठ मला नीट दिसत होते. "तुम्हाले घाईच भारी. घरीही तसेच."

वानखेडेजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले तर सगळं मिटेल, असं त्या नजरेत होतं. मी खाली बघून माझ्या सायकलची साखळी तपासू लागले. साखळीला काही झालेलं नव्हतं.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "हळू दिला असन मी आवाज."

चांदूर बाजारच्या दवाखान्यात फोटो काढला. हाडाला बारीक चीर होती. प्लास्टर घातलं. घाट संपला होता त्यांच्यापुरता. संध्याकाळी सगळे भाकरी-झुणका खात बसले तेव्हा तोच विषय निघाला. आवाज द्यायला हवा होता, नियम असतात ते कशासाठी. वानखेडेजी डाव्या हातानं जेवत मान हलवत होते. मी भाकरीचा एकच तुकडा कितीतरी वेळ चावत राहिले.

सकाळी पोह्यांच्या टपरीवर सगळे जमले. वर लालभडक तर्री (रश्श्याचा तिखट तवंग) घातलेले पोहे समोर होते. मी माझी बशी खाली ठेवली.

"काल वानखेडेजींनी आवाज दिला होता," मी म्हणाले. "मला ऐकू आला नाही. मला ऐकूच कमी येतं. तुमच्या शिट्ट्याही मला ऐकू येत नाहीत. एकही आली नाही, तीन दिवसांत."

मी सगळ्यांचे ओठ बघत होते.

वहिनी उठून माझ्यासमोर आल्या. "काल काहून नाही सांगतलं?"

"लाज वाटली."

"तुमच्या लाजेपायी मी ह्यायले सगळ्यांसमोर बोलली." त्यांचे डोळे भरून आले होते. त्या तशाच आपल्या सायकलीकडे निघून गेल्या.

विलासभाऊ सावकाश म्हणाले, "ताई, तुमी आज टेम्पोत बसा. माह्यावर जबाबदारी हाय सगळ्यायची."

मी माझी सायकल स्वतः उचलून टेम्पोत ठेवली. वानखेडेजी पुढच्या बाकावर आधीच बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि पिशवीतून यंत्र काढून कानात घातलं. तीन दिवसांनी जग एकदम जवळ आलं. इंजिन, दाराचा खुळखुळाट, टपरीवाल्याचा झारा.

परतवाड्याच्या वाटेवर वानखेडेजींनीच सुरुवात केली, माझ्याकडे तोंड वळवून.

"मले पडल्याचा राग नाही, मॅडम. सायकल म्हटली म्हंजे पडनं आलंच. पन काल रात्रभर मी एकच आठवून राहिलो होतो. आवाज दिला का नाही दिला? सगळे म्हनत होते नाही दिला. शेवटी मलेच वाटाले लागलं, का दिलाच नसन."

हे मात्र मला अजिबात सुचलं नव्हतं. मनगट मोडलं हे दिसत होतं. माझ्या गप्प बसण्यानं एका माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडाला होता, ते प्लास्टरमध्ये दिसत नव्हतं.

"दिला होता तुम्ही," मी म्हणाले. "मी ऐकला नाही, तरी दिला होता."

त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहू लागले. उत्तरेला डोंगरांची निळी रेघ उमटली होती. आधी ढगच वाटली, मग हळूहळू जमिनीला चिकटली. "तो पाहा सातपुडा," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा वळले. "टेम्पोचं दार ठोकलं तं आयकू येते का तुम्हाले? यंत्राबिगर?"

"जाड आवाज येतो."

त्या संध्याकाळी परतवाड्यात ते विलासभाऊंशी बराच वेळ बोलत होते. पाचव्या दिवशी पहाटे विलासभाऊंनी माझी सायकल टेम्पोतून खाली काढली. "वानखेडेजी म्हनतात, टेम्पो तुमच्या मागं मागं येईन. मंग मागची गाडी एकदम तुमच्या अंगावर येत नाही. ते दार ठोकतीन. एकदा ठोकलं तं डावीकडं व्हा, दोनदा ठोकलं तं थांबा. पन दमल्या तं उतरा, हट्ट नोका करू."

धामणगाव गढी सोडल्यावर चढ सुरू झाला. सागाची पानगळ चालू होती. मोठी मोठी पानं फिरत, रेंगाळत खाली यायची आणि रस्त्यावर निजायची. वळणामागे वळण. दरीत धूर साचल्यासारखी निळाई, तिच्यातून एखादं झाड तेवढं वर आलेलं. मी सगळ्यात हलक्या गिअरवर, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं चढत होते. मागे टेम्पो घुरघुरत होता आणि मधूनमधून पत्र्यावर धप्पकन थाप पडायची. मी डावीकडे व्हायची, गाडी निघून जायची. एका वळणावर दोन थापा पडल्या. मी थांबले. वानखेडेजी खिडकीतून डाव्या हातानं वर दाखवत होते. कड्यावर मोहाच्या फांदीवर धनेशाची जोडी बसली होती, मोठ्या वाकड्या चोचींची. त्यांच्यासाठी थांबवलं होतं मला. आम्ही दोघं बघत राहिलो. पक्षी काही बोलत होते की नाही, मी विचारलं नाही.

शेवटचा चढ मला सायकलवरून जमला नाही. उतरून ढकलत गेले. मोथ्याला रबडीच्या दुकानापाशी बाकीचे थांबले होते. वहिनी एक द्रोण घेऊन माझ्याकडे आल्या, नीट समोर उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं, सावकाश म्हणाल्या, "मी अजून रागावलेलीच हाय. पन खा, गरम हाय."

मी खाल्ली. दुधाला धुराचा वास होता.

चिखलदऱ्यावर त्या दुपारी ढग उतरले. आम्ही दरीच्या काठाशी बसलो होतो आणि दरी दिसेना, पलीकडचा डोंगर दिसेना, शेवटी शेजारचा माणूसही पुसट झाला. प्रज्ञानं माझ्या हातावर बोटानं टकटक केलं आणि मी वळल्यावर म्हणाली, "उपासाच्या दिवशीच मला शंका आली होती, काकू. मी विचारायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "मी सांगायला पाहिजे होतं." तेवढंच. ढग आमच्यातून जात राहिला.

परतताना सायकली टेम्पोत आणि आम्ही बसमध्ये. ज्या वाटेला पाच दिवस लागले ती खिडकीतून भराभर उलटी गेली. वास नव्हता, चाकाची थरथर नव्हती. बहुतेक सगळे झोपले होते. मी जागी राहून विचार करत होते की मला वाटत होतं मी शांतपणे जगतेय. खरं म्हणजे मी सगळ्यांना हो म्हणत जगत होते. हो म्हणायला काही लागत नाही. मात्र तो प्रत्येक 'हो' कोणीतरी दुसरंच माणूस खरा मानून चालतं, आणि एखाद्या वळणावर पडतं.

घरी पोचले. यंत्र पुन्हा पिशवीत गेलं होतं. मुलगा स्वयंपाकघरात होता. मी बूट काढत असताना त्यानं आतून काहीतरी विचारलं. प्रवास कसा झाला, चहा घेणार का, काहीही असेल. नेहमीसारखं 'हो' तोंडावर आलं होतं.

"मला ऐकू आलं नाही," मी म्हणाले. "बरेच दिवस येत नाही. समोर येऊन बोल."

तो हात पुसत बाहेर आला. माझ्या समोर, जमिनीवर, मांडी घालून बसला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं. मला स्पष्ट कळलं.