भिंतीपलीकडचा रिसिव्हर

ये गं पोरी, जवळ ये. लांब असलीस तरी हे वाचताना माझ्या शेजारी बसल्यासारखी बस. परवा बोलताना पडद्यावर माझा चेहरा जरा अडकला, तर केवढं तोंड वाकडं केलंस. तेवढाही दम निघत नाही का गं तुम्हा लेकरांना? तुझ्या आईशी बोलताना माझी लाइन अख्खा पावसाळा तुटत होती. ती का तुटायची, ते ऐक.

तुझी आई लग्न होऊन आखातात गेली तेव्हा आपल्या वडवणीत इंटरनेट नवं होतं. तुझ्या आजोबांनी बीडच्या बंद पडलेल्या एका क्लासमधून जुना कॉम्प्युटर आणला. तो चालायचा टेलिफोनच्या वायरीवर. आधी कर्रकिर्र ओरडायचा, गप्प झाला की समजायचं, लागला. मी एका बोटानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला शिकले. संध्याकाळी आम्ही मायलेकी लिहून बोलायचो, आणि मध्येच सगळं तुटायचं.

बीडचा माणूस आला, वायर बदलून गेला. मशीन म्हातारं झालंय म्हणाला. लाइनमन खांबावर चढला, जोड घासला, खाली उतरून उंदरांवर ढकलून मोकळा झाला. तुटायचं ते तुटायचंच. एकदा तुझ्या आईनं लिहिलं, आई, एक सांगायचंय, पण कुणाला बोलू नको. आणि नेमकं तिथंच तुटलं. त्याआधी दोनदा तिचा गर्भ टिकला नव्हता. पुन्हा लावलं, पुन्हा तुटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र लाइन शेवटपर्यंत टिकली. तुझ्या आईनं गोड बातमी दिली, आणि यंदा सातव्या महिन्यापर्यंत आपल्या दोघींतच ठेव म्हणाली. मी रडले, हसले, देवापुढं साखर ठेवली. मग डोक्यात आलं, आज कशी टिकली? आज वेगळं काय होतं? एवढंच, की शेजारची माझी धाकटी जाऊ माहेरी धारूरला गेली होती.

वाटणी झाली तेव्हा भिंतीतून वायर नेऊन आमच्याच फोनचा जोडफोन त्यांच्याकडं दिलेला. ती परतल्यावर मी चकलांब्याच्या बहिणीला मुद्दाम फोन लावला, लेकीचं नाव काढलं. लगेच बहिणीचा आवाज बारीक झाला. तेवढ्यात जावेच्या कुकरची शिट्टी झाली, एकदा भिंतीतून आणि एकदा फोनातून.

मी फोन ठेवला. कॉम्प्युटर ओरडायचा थांबला की बोलणं ऐकू येईल, असं वाटून ती बाई रोज रिसिव्हर उचलत होती, आणि तिनं उचलला की आमची लाइन तुटायची. आणि फोनवर मला कळलेलं पहिल्या दोन्ही खेपांचं दुःख गल्लीभर कुणी केलं, तेही कळलं. भर हळदीकुंकवात तिनं मला विचारलं होतं, "अक्का, लेकीचं अवंदा बी न्हाईच का?" मी मात्र उगाच तुझ्या आईच्या सासरच्यांवर संशय घेतला होता.

भांडले नाही. भांडण एका दिवसात विरतं. लाइनमनकडून माझ्या भिंतीवर खटका बसवून घेतला; फिरवला की तिचा फोन मुका. कॉम्प्युटर बंद असला तरी मी खटका आपल्याच बाजूला ठेवायची. सातवा लागला तशी मी घरोघर गेले. साऱ्या गल्लीला सांगितलं, तेवढं एक दार सोडून. बायकांनीही साथ दिली. तिच्या जिभेचे चटके सगळ्यांनाच बसलेले.

तुझी आई बाळंतपणाला आली, जीपमधून उतरली तेव्हा बायका ओटीची ताटं घेऊन उभ्या होत्या. जाऊ ओट्यावर मेथी निवडत होती. तुझ्या आईच्या पोटात तू; ते पोट बघून तिच्या हातातली जुडी खाली पडली.

"अक्का, मला कावून सांगितलं न्हाई?"

"फोनवर बोलायचं राहूनच गेलं बघ," मी म्हणाले.

तिला काय ते कळलं. बायका पदराआड हसल्या. गल्लीची खबर घरोघर पोचवणारी ती, तिला आपल्याच घरातली खबर सगळ्यांच्या शेवटी कळली. लई बरं वाटलं मला. अजून वाटतं.

ती अजून संध्याकाळी ओट्यावर बसते. नजर तेज आहे अजून. तू आलीस की रिक्षा कोपऱ्यावरच सोड आणि तिच्यासमोरून सावकाश चालत ये, उंच मानेनं. पायाही पड तिच्या, आपल्यात तशी रीत आहे. तेवढा वेळ तिला तुझ्याकडं नीट बघता येईल. पण बाई, लवकर ये. आमच्या दोघींचंही वय झालंय.