मंगळवारी खोली रिकामी होती

जर्मनीच्या पार पूर्व टोकाला, गॉर्लिट्झच्या स्टेशनातून जुन्या गावाकडे चालायला लागलं की दुसऱ्याच गल्लीत रॉनी लिंकेचं हॉटेल लागतं. हॉटेल आपलं म्हणायला. तीन मजले, लिफ्ट नाही, निम्म्या खोल्यांची न्हाणी जिन्याजवळ. शूटिंगला येणारे सिनेमावाले आणि चर्चचे मनोरे बघायला येणारे पैसेवाले नदीकाठच्या नव्या हॉटेलांत उतरतात. रॉनीकडे येतात सायकलवरून फिरणारे, छपरं दुरुस्त करायला आलेले कामगार, नाहीतर कुणाच्या मयताला आलेले नातलग. स्वस्तात पडायला बरं, एवढीच त्याची कीर्ती. पण एकदा राहून गेलेला माणूस परत यायचा, तो नाश्त्यासाठी. आणि नाश्ता म्हणजे हानुशबाई.

इंगेलोरे हानुश उंच, हाडापेरानं दणकट, केस पुरुषांसारखे आखूड कापलेले. नवरा गेला तेव्हापासून त्या रॉनीकडे होत्या. मूलबाळ नव्हतं. उकडलेलं अंडं गार होऊ नये म्हणून उरल्यासुरल्या लोकरीच्या इवल्याशा टोप्या त्यांनी स्वतः विणल्या होत्या. लाल, पिवळ्या, एक तर चक्क जांभळी. बोलणं मात्र लोकरीचं नव्हतं. पावाचा चुरा जमिनीवर सांडणाऱ्याला त्या सगळ्यांसमोर विचारायच्या, "घरीपण असंच जेवता का, की आमच्यावर खास मेहेरबानी?"

त्यांची एक गोष्ट गावाला माहीत होती. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्या कुणाला शुभेच्छा द्यायच्या नाहीत. तशा आमच्याकडे कुणीच देत नाही, आधी दिल्या तर अशुभ. पण बाकीचे निदान उद्याच्या केकबद्दल तरी बोलतात. हानुशबाई वाढदिवस हा शब्दसुद्धा तोंडाला लागू देत नसत. रॉनी मुद्दाम आपल्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी हात पुढे करायचा, "द्या की हो, उद्या तुमची सुट्टी आहे." त्या हात मागे बांधून उभ्या राहायच्या आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असली तरी उजाडताच दारात हजर व्हायच्या.

याला कारण होतं. त्यांचा नवरा एगोन पन्नाशीचा होणार होता, त्या रात्री त्याची बेकरीत पाळी होती. मध्यरात्री तो घरी नसणार, म्हणून बाईंनी संध्याकाळीच दारात त्याला जवळ घेतलं आणि शुभेच्छा दिल्या. तो हसला, "अगं, अजून वेळ आहे, वेडी की काय." त्याच महिन्यात कणीक मळता मळता तो खाली कोसळला. डॉक्टरांनी हृदयाच्या नसांचं काहीतरी सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. आपण काय केलं ते त्यांना डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

फोल्कमार मेटिग हे रॉनीकडे दर नोव्हेंबरात येणारे गिऱ्हाईक. मूळचे इथलेच, रेल्वेचे डबे बनवायच्या कारखान्यात वेल्डर होते. बर्लिनची भिंत पडली, कारखान्यानं माणसं कमी केली, तेव्हा बायकोला घेऊन स्टुटगार्टला गेले. पुढे बायको गेली, तिकडे मेव्हणी होती, तीही गेली. इथेही त्यांचं कुणी उरलं नव्हतं. होती ती आईबापांची कबर. सगळे आपल्या मेलेल्यांच्या कबरींवर जातात तो पितरांचा रविवार येतो त्या आठवड्यात ते यायचे, कबर साफ करायचे, थंडीसाठी तिच्यावर फरच्या हिरव्या फांद्या अंथरायचे आणि सोमवारी परत जायचे. ज्या गावात अर्धा जन्म गेला त्या गावात माणसानं खोली भाड्यानं घेऊन झोपावं, यासारखं वाईट काही नाही. पण तक्रार करतील तर ते मेटिग कसले. खोली मात्र तिसऱ्या मजल्यावरचीच मागायचे. रॉनी म्हणायचा, "खाली देतो ना, गुडघे बघा तुमचे." ते म्हणायचे, "वरून रूळ दिसतात."

त्यांचं आणि हानुशबाईंचं रोज सकाळी ठरलेलं भांडण असे.

"फ्राउ हानुश, अंडं दगड झालंय."

"स्टुटगार्टच्या हवेनं तुमची जीभ नाजूक झालीय, हेर मेटिग. अंडं आहे तसंच आहे."

"तिकडे अंड्याला टोपी घालत नाहीत."

"म्हणून तर इकडे येता."

यावर मेटिग जांभळी टोपी बोटात अडकवून बसून राहायचे. बाकीचे उठून गेले तरी त्यांची कॉफी संपत नसे, आणि बाईंनाही नेमकं त्याच वेळी त्यांच्या शेजारची टेबलं पुसायची असत. इतक्या वर्षांत तुम्हीचं तू झालं नाही. आमच्याकडे तू म्हणायचा पुढाकार बाईनं घ्यायचा, नाहीतर वयानं मोठ्यानं; म्हणजे बाई म्हणून हानुशबाईंनी, आणि मोठे म्हणून मेटिगनी. दोघंही शिस्तीची माणसं, एकमेकांचा मान राखत बसली.

त्या वर्षी मेटिग आले ते थकूनच. जिन्यात दोनदा थांबावं लागलं. पण आठवडाभर त्यांची गडबड काही वेगळीच होती. कबरीचं काम आटोपूनही ते रोज बाहेर जात होते, रुळांच्या पलीकडच्या वस्तीत. विचारलं तर म्हणत, "पाय मोकळे करतोय." त्यांचा जन्मदिवस मंगळवारी होता. एकदा कधीतरी बोलता बोलता त्यांनी तारीख सांगितली होती आणि बाईंच्या डोक्यात ती पक्की बसली होती. यंदा पंचाहत्तर. एरवी तो दिवस ते परत गेल्यावरच यायचा, त्यामुळे बाईंना कधी पेच पडला नव्हता. यंदा मात्र मेव्हणीही नाही, तिकडे एकटेच असणार, हे त्यांच्या मनातून जाईना. काही का असेना, शनिवारीच त्यांनी नदीपलीकडच्या, पोलंडच्या बाजूच्या बाजारातून खसखस आणली. आमच्याकडे मोठ्या दिवसाला खसखशीचा केक लागतो. खसखस दळून दुधात घालून ठेवली. राहिलेच मेटिग मंगळवारपर्यंत, तर हाताशी असावी.

सोमवारी सकाळी नाश्त्याच्या खोलीत दोघंच होती. मेटिगनी बॅग भरून दाराशी ठेवली होती. अंड्यावरची टोपीही त्यांनी काढली नव्हती.

"फ्राउ हानुश, माझी खोली उद्या कुणाला दिलीय का?"

"नाही. मंगळवारी कोण येतंय मरायला."

"म्हणजे रिकामी."

"रिकामीच."

"गाडी काय, उद्याही असते."

"गाड्या रोजच असतात."

मेटिगनी अंड्यावरची टोपी बोटानं सरळ केली. मग त्यांनी मान वर केली. "मी काय म्हणतो, उद्या जरा..."

बाई सावध झाल्या. आता हा माणूस आज, आदल्या दिवशी, आपल्या तोंडून ते वदवून घेणार. राहा म्हटलं की कशासाठी राहा, ते आलंच. डोळ्यांसमोर एगोन आला, दारातला, हसणारा. त्या एकदम म्हणाल्या, "उद्याचं उद्या. अंडं खा, गार होतंय."

"राहू की जाऊ, असं विचारत होतो."

"तुमची मर्जी, हेर मेटिग. ते मी कोण सांगणार?" आणि त्या वळल्या, कॉफीच्या यंत्राकडे. यंत्राला काही झालं नव्हतं. तरी त्या त्याची झाकणं काढून घालत राहिल्या.

मागून मेटिगचा आवाज आला, "बरोबर आहे. मर्जी माझीच."

मेटिग निघाले तेव्हा बाईंनी नेहमीसारखे सॉसेज घातलेले दोन पाव कागदात बांधून दिले. मेटिगनी हात हातात घेतला आणि रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ धरला. बाई म्हणाल्या, "नीट जा." एवढंच म्हणाल्या.

मंगळवारी उजाडायच्या आत त्या रॉनीच्या टेबलापुढे उभ्या. "हेर मेटिगचा फोन नंबर दे."

"नाही देता येत, हानुशबाई. गिऱ्हाइकाचा नंबर त्याच्या परवानगीशिवाय द्यायचा नाही, कायदा आहे."

"मी काय चोर आहे? माणसाचा वाढदिवस आहे आज."

"आणि वाढदिवस म्हणून कायदा सुट्टीवर जातो का? उद्या तुमचा नंबर मी कुणाला दिला तर आवडेल तुम्हाला?"

रॉनी वाईट नाही, आहे तो असा आहे. आणि खरं सांगायचं तर हानुशबाईंनाही ते पटलं. त्याच्या जागी असत्या तर त्यांनीही दिला नसता. नियम म्हणजे नियम. कुणी दुसरा असता तर रॉनीची पाठ फिरल्यावर बघून घेतला असता, पण तो स्वभाव त्यांच्यात नव्हता. भिजवलेल्या खसखशीचा केक करून त्यांनी सायकलवाल्यांना वाढला. पुढच्या नोव्हेंबरात तोंडावर सांगू, असं मनाशी म्हणाल्या. उशिरा दिलेल्या शुभेच्छांना आमच्याकडे कसलीही आडकाठी नाही.

पुढच्या नोव्हेंबरात मेटिग आले नाहीत. त्यांच्याऐवजी आली त्यांची पुतणी, स्वेन्या. चाळिशीची, बोलण्यात तिकडचा हेल. रविवारी सकाळी नाश्त्याला बसली आणि समोर आलेल्या अंड्याकडे बघत राहिली.

"तुम्हीच फ्राउ हानुश ना? काका म्हणायचा, अंड्याला टोपी दिसली की समज त्याच."

बाईंना कळायचं ते 'म्हणायचा'वरूनच कळलं. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. गिऱ्हाइकापुढे त्या कधी बसत नसत.

"कधी?"

"फेब्रुवारीत. वृद्धाश्रमात ठेवलं होतं आम्ही. म्हणजे तो स्वतःच गेला, नाताळच्या आधी. मला फार आश्चर्य वाटलं, कारण त्याचं तर इकडं यायचं ठरलं होतं. तुम्हाला बोलला असेल की."

"काय ठरलं होतं?"

"रुळांच्या पलीकडे दोन खोल्या बघितल्या होत्या त्यानं. तळमजल्यावर, गुडघ्यांसाठी. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी घरमालकाकडे जाऊन नक्की करणार होता. चांगला शर्ट घेऊन गेला होता त्यासाठी. आणि सोमवारी रात्री मला फोन, मी परत आलोय म्हणून. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाला, आता तिथे आपलं कुणी नाही गं."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी त्यांचा... मला तारीख माहीत होती. पण आदल्या दिवशी कसं बोलणार? माझ्या नवऱ्याच्या वेळी मी आधी बोलले होते. म्हणून मी तोंड मिटून बसले. त्यांना वाटलं असेल, हिच्या लक्षातही नाही."

"छे, छे," स्वेन्या घाईनं म्हणाली. ती मनानं चांगली होती, तिला बाईंची समजूत काढायची होती. "आदल्या दिवशी कोण देतं? काकाही कधी द्यायचा नाही, द्यायला गेलं तर कानांवर हात ठेवायचा. शुभेच्छांची वाट तो नक्कीच बघत नव्हता. तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका. त्याला फक्त कुणीतरी थांबा म्हणायला हवं होतं, बस."

समजूत काढायला गेली आणि नेमकं तिथेच लागलं. थांबा म्हणायला कसली बंदी होती? कुणाच्या आजीनं, कुठल्या चर्चनं सांगितलं होतं की थांबा म्हणू नये? बाईंना त्या सकाळचं सगळं लख्ख आठवलं. भीती एगोनची होती, हे खरं. पण नुसती तीच नव्हती. एका म्हाताऱ्या माणसाला राहा म्हणायची त्यांना लाज वाटली होती, आणि लाजेला लपायला ती भीती बरी सापडली होती.

स्वेन्या उठली. "मला कबरीवर जायचंय. आजीआजोबांच्या. काकानं शेवटी तेवढंच सांगितलं होतं, यंदा तू जा. पण फांद्या कशा घालतात मला ठाऊक नाही."

हानुशबाईंनी अॅप्रनवरच कोट चढवला. टेबलं उष्टी होती, दोन गिऱ्हाइकं कॉफीसाठी मागे वळून बघत होती. रॉनी म्हणाला, "अहो, कुठे निघालात?" त्यांनी उत्तर दिलं नाही.

कब्रस्तानात गर्दी होती. सगळं गाव आपापल्या माणसांपाशी वाकलेलं. मेटिगांच्या कबरीवर वर्षभराचा पाला साचला होता. बाईंनी तो हातानंच काढला आणि फरच्या फांद्या खालून वर, एकीवर एक, कौलांसारख्या लावायला लागल्या. स्वेन्या एकेक फांदी हातात देत होती.

"तिकडे त्यांच्यावर कोण घालतं?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"तिकडे तसं काही नाहीये," स्वेन्या म्हणाली. "मोकळं गवत असतं ना, खाली राख पुरतात आणि वर दगड नाही, नाव नाही, तसं. कुठं पुरलं ते आम्हालाही दाखवत नाहीत. त्यानं स्वतःच लिहून दिलं होतं, आश्रमात गेल्यावर. मी भांडले त्याच्याशी. तर म्हणाला, तू इतक्या लांब राहतेस, वर्षाला तरी कुठे येणार? आणि दुसरं कोण आहे यायला?"

बाईंचा हात थांबला.

"मी आले असते," त्या म्हणाल्या.

स्वेन्यानं पुढची फांदी त्यांच्यापुढे धरली. ती घ्यायचं भान बाईंना बराच वेळ नव्हतं. "मी आले असते की," त्या पुन्हा म्हणाल्या, या खेपेला मोठ्यानं, आणि शेजारच्या कबरींवर वाकलेल्या माणसांनी वळून बघितलं.