तीनदा विसळलेल्या नळ्या

प्रिय अनया आणि रोहन,

कराडच्या एसटी स्टँडवर माझी ट्रंक टपावर चढली, तेव्हा आई खिडकीशी येऊन म्हणाली, "भांडी कोण घासतं ते बघून घे. घासली तरी आपल्या हातानं पुन्हा विसळ." मी एम.एस्सी. झालेली. हसले. ते वाक्य स्टँडवरच राहिलं, असं मला वाटलं.

राहायला चिंचवडला एक खोली, नोकरी पिंपरीच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत. मेंढीच्या तांबड्या रक्तपेशींच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल कमी केलं, तर शरीराच्या संरक्षक द्रव्यांच्या माऱ्यापुढे त्या लवकर फुटतात का, हे आम्ही पाहत होतो. पेशी फुटल्या की नळीतलं पाणी लाल होतं. नळ्यांच्या एका रांगेत मारा करणारं द्रव्य घालायचंच नाही. तिथलं पाणी नितळ राहायला हवं. एका सकाळी तीही रांग लाल झाली.

नळ्या धुवायला कासारवाडीच्या कौसल्याबाई होत्या, रोजंदारीवर. त्यांच्या घरी बुद्धाची तसबीर आहे हे मला ठाऊक होतं, आणि कामाशी त्याचा काही संबंध नव्हता.

साबण राहिला तरी पेशी फुटतात. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "नळ्या नीट विसळत नाही तुम्ही."

"तीनदा इसळल्यात, बाई. तुमच्या मेंढीलाच इचारा की काय झालं त्ये!"

सगळे हसले. मी तडक साहेबांकडे गेले. त्यांनी कौसल्याबाईंना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात सगळ्या नळ्या मी स्वतः धुतल्या. रांग पुन्हा लाल. कोलेस्टेरॉल मीच गरजेपेक्षा जास्त काढलं होतं; पेशी इतक्या नाजूक झाल्या होत्या, की माऱ्यावाचूनच फुटत होत्या. वहीत मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. साहेब खूश झाले. कौसल्याबाईंचं नाव मी काढलं नाही. कासारवाडी पिंपरीहून एकच स्टेशन पुढे. तिथं मी कधी उतरले नाही.

तुम्ही फोनवर विचारता, आजी, तुझं घर कुठलं, कराड की चिंचवड? कराडचं घर केव्हाच विकलं. पण कामाच्या बाईंनी घासून ठेवलेला पेला घेताना माझा हात अजून आधी नळाकडे जातो. मी तो मागे घेते. सोडून आले म्हणत होते ते घर अजून या हातात आहे.

तुमची आजी