मोटर बरी होती

“बाबूजी, हे अटॅक्सियाच आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अटॅक्सिया म्हणजे चालताना तोल जाणं. पाय मजबूत, पण त्याले हुकूम देणारी मेंदूतली जागा ढिली. मी विचारलं, “हे कोणाच्या घरचं, तेवढं सांगा.”

या प्रश्नाची मले घाई होती. काहून, ते लाज वाटते तरी लिहितो.

मी चौथी पास. कारखान्यात, रोलिंग मिलमध्ये, इलेक्ट्रिकचा हेल्पर होतो. बायको वारली. कोहक्याले एकटा राहतो. एकच पोरगी, सुजाता, त्याच शहरात रिसालीले. चाळिशीतच ती डगमगाले लागली, तेव्हा मी तोंडावर म्हटलं, “हे तुझ्या मामाकडलं. आपल्या घरात असं नाही.” मामा दारू पिऊन डोलायचा. त्याच्यावरून तिच्या आईलेही मी जन्मभर टोमणे मारले. सुजाता उठून गेली, ती परत आली नाही.

मग मीच डोलाले लागलो. पानवाला म्हणे, “काका, सकाळीच?” मी आयुष्यात थेंब घेतला नाही.

पहिली तपासणी जीनची. जीन म्हणजे शरीरातलं एकेक काम कसं करायचं, त्याची चिठ्ठी. रिपोर्ट नॉर्मल. मी तो लॅमिनेट करून भिंतीवर लावला, फोटो सुजाताले धाडला. दोन निळ्या खुणा तेवढ्या आल्या.

डॉक्टरीणबाई अडून बसल्या. होल जीनोम करू म्हणाल्या. म्हणजे चिठ्ठ्याच नाही, त्यांच्या आतली-मधली कोरी वाटणारी सगळी जागाही वाचायची. रिपोर्टसाठी कितीक चकरा झाल्या. दवाखान्यातल्या बाकावर मी बाजूले पिशवी ठेवून जागा धरायचो. कोणी विचारलं तर सांगायचो, “पोरगी येऊन राहिली.”

शेवटी त्या म्हणाल्या, “चिठ्ठीतला मजकूर शाबूत आहे. पण आतल्या कोऱ्या जागेत तीच तीन अक्षरं पुन्हापुन्हा छापली गेली आहेत, म्हणून चिठ्ठी नीट चालत नाही. लेकराला हे तुमच्याकडून गेलं असू शकतं. मुलीला आणा. काही जणांना गोळीनं फरक पडतो.”

मिलमध्ये मोटर थांबली की फोरमन ओरडायचा, “मोटर खोलू नको बे, आधी पॅनल पाह!” मोटर इथं, तिले चालू-बंद करणारं पॅनल शेडच्या त्या टोकाले. नोकरीभर मी ते अंतर चाललो. घरी मात्र नुसती मोटर, म्हणजे चिठ्ठीचा मजकूर, पाहून भिंतीवर सर्टिफिकेट टांगलं.

तीन दिवस नंबर लावला अन् कापला. चौथ्या दिवशी बोललो, “सुजाता, ते माझ्याकडलं हाय. मामाचं काही नव्हतं.”

तिकडं तिनं पंखा बंद केल्याचं ऐकू आलं.

“हे आईले सांगायचं होतं, बाबा.”

मी भिंतीवरच्या रिपोर्टकडे पाठ केली.

“पडता का तुम्ही?” तिनं विचारलं.

“पडतो.”

“मैं भी,” ती म्हणाली, अन् फोन ठेवला.

तुमच्या हातात नॉर्मल रिपोर्ट असेल, तर विचारा, काय काय वाचलं? तोवर कोणाच्या माहेराकडे बोट दाखवू नका. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा हट्टी निघाल्या, त्यांचे उपकार.

लॅमिनेट काढलं. भिंतीवर चौकोन राहिला.

सोमवारी दवाखाना आहे, सुजाताले तसं लिहून धाडलं. ती येते म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मी पिशवी ठेवून जागा धरीन.