भूकंपवालीचे पेढे

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिला सगळे भूकंपवाली म्हणतात. राहते माझ्या समोरच्याच दारात. अंदमानच्या समुद्राखालच्या भेगांवर तिचं संशोधन चालतं. "म्हणजे नक्की काय गं?" असं मी एकदा विचारलं, तर तिने माझं पायपुसणं पायानेच तिच्या पायपुसण्याखाली सारलं.

"काका, समुद्राचा तळ असा दुसऱ्या जमिनीखाली घुसतो. मध्येच अडकतो, ताण साठत जातो. सुटला की वाट लागली!"

आणि पायपुसणं तसंच टाकून निघून गेली.

लिफ्टमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "पुढचा भूकंप कधी?" ती शांतपणे म्हणते, "माहीत नाही." विचारणाऱ्याचं तोंड उतरतं, तिचं नाही.

परवा ती पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली. मला वाटलं, प्रमोशन.

"नाही हो काका. सहा वर्षं मी सांगत होते, तिथला एक पट्टा न अडकता हळूहळू सरकतोय. चुकलं माझं. तो अडकलेलाच आहे. काल माझ्याच आकड्यांत सापडलं, आज सगळ्यांना कळवून टाकलं."

"अगं, मग पेढे कसले?"

"खरं काय ते कळलं ना!"

मी पस्तीस वर्षं ऑफिसात काढली. तिथे चूक सापडली की आधी फाइल गायब व्हायची.

बायकोने पेढा देवापुढे ठेवला. "काय झालं म्हणून सांगू?"

"सांग, आपली भूकंपवाली चुकली," मी म्हटलं. आवाज मात्र स्वतःची लेक बोर्डात पहिली आल्यासारखा निघाला.